हिवाळा आणि घरातली कोरडी ठणठणीत हवा: तुम्ही काय करता?

निवडुंग
मंडळी, दरवर्षीचं रडगाणं. कडाक्याची थंडी पडली, घरात हीटिंग चालू झालं की आठवड्याभरात हवा अशी कोरडी होते की सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली. ओठ फुटतात, टाचांना भेगा, हातांची सालं निघतात, धाकट्याचा तर मधूनच घोळणा फुटतो आणि उशीवर रक्त बघून घरभर धावपळ. दाराच्या मुठीला हात लावायची भीती वाटते इतका सणसणीत झटका बसतो. लाकडी फ्लोअरिंगच्या पट्ट्यांत फटी दिसायला लागल्यात त्या वेगळ्याच. आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र आणून टीव्हीशेजारी ठेवलंय, ते १८ टक्के म्हणतंय.

आता घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात हीटरवर पाण्याचं पातेलं ठेव, मशीनबिशीन काही नको. नवरा म्हणतो मोठा ह्युमिडिफायरच (हवा दमट करणारं मशीन) घेऊ. दोन्हीकडचं ऐकून कंटाळा आला म्हणून इथे विचारतेय. किती टक्के आर्द्रता असावी, पातेल्याने खरंच फरक पडतो का, आणि मशीन घ्यायचंच तर कोणत्या प्रकारचं? ब्रँडची नावं नकोत, त्यावरून इथे मारामाऱ्या होतात.

टवाळ_टोळ
रुमाल टाकून ठेवतो. हिवाळा असल्याने ओला करून.

शांभवी_के
वाचतेय. आमच्याकडे १५ टक्के, त्यामुळे तुमचे १८ वाचून हेवा वाटला.

बाबूराव_निवृत्त
सासूबाईंना माझं मत. आमच्याकडे वर्षानुवर्षं हीटरवर पातेलं असतं. काही खर्च नाही, आवाज नाही, बिघडायचा प्रश्न नाही. हल्ली प्रत्येक गोष्टीला मशीन लागतं लोकांना. शिवाय हे हीटर हवा जाळतात, ऑक्सिजन खातात, म्हणून कोरडेपणा येतो. पाणी ठेवलं की भरपाई होते.

भौतिकवेडा
काका, पातेल्याला विरोध नाही पण हवा जाळण्याचं तेवढं खोडतो. विजेचा हीटर किंवा रेडिएटर ना ऑक्सिजन खातो ना हवेतलं पाणी काढून घेतो. थंड हवेत मुळात वाफ मावतेच कमी. एक घनमीटर हवेत शून्य अंशाला जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ राहते, २१ अंशाला १८ ग्रॅम. बाहेर उणे १० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत घनमीटरमागे जेमतेम २ ग्रॅम पाणी असतं. ती हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत आली, २१ अंशांपर्यंत तापली, पाणी तेवढंच राहिलं, की आर्द्रता झाली १० टक्के. शून्य अंशाला बाहेर दाट धुकं असेल, म्हणजे पूर्ण १०० टक्के, तरी तीच हवा घरात तापल्यावर २६-२७ टक्क्यांवर येते.

आता पातेलं. १०० चौरस मीटरचं घर धरा, छत अडीच मीटरवर, म्हणजे २५० घनमीटर हवा. बऱ्यापैकी गळक्या घरात तासाला निम्मी हवा बदलते असं धरलं तर १२५ घनमीटर. प्रत्येक घनमीटरला १० वरून ४० टक्क्यांवर न्यायला साडेपाच ग्रॅम पाणी लागतं. तासाला पावणेसातशे ग्रॅम, दिवसाला १६ लीटर. पातेल्यातून दिवसाला अर्धा लीटर उडालं तरी ते गळक्या बादलीत चमच्याने पाणी ओतणं झालं.

बाबूराव_निवृत्त
आमच्या पातेल्यातलं पाणी सकाळी खाली गेलेलं असतं हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. ते जातं कुठे मग? आकडेमोड करून घशाची कोरड जात नाही.

टवाळ_टोळ
घरात मांजर असेल तर आधी तिची चौकशी व्हावी.

भौतिकवेडा
हवेतच जातं काका, आणि हवेबरोबर फटीतून बाहेर. पण तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये. वरचा हिशोब अख्ख्या घराचा होता. एकच झोपायची खोली घ्या, ३० घनमीटरची, दार लावलेलं. तिला तासाला ८०-८५ ग्रॅम पुरतात, रात्रभरात अडीच-तीन ग्लास पाणी. त्यातलं बरंचसं तर झोपलेली माणसंच देतात, एक माणूस झोपेत श्वास आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो. आणि टवाळचा ओला रुमाल चेष्टेवारी नेऊ नका. मोठा टॉवेल भिजवून पिळून खोलीत पसरून ठेवला तर त्याचा पृष्ठभाग पातेल्याच्या कितीतरी पट असतो, सकाळपर्यंत जवळपास सगळं पाणी हवेत. मशीनमधून पिळून निघालेल्या एका धुण्यात दोनेक लीटर पाणी सहज असतं. कपडे घरात वाळत घाला, एका कामात दोन कामं.

टवाळ_टोळ
नोंद घ्यावी. मी विनोद केला की शास्त्र निघतं.

मेघमल्हारी
दार लावून झोपायचं ते ठीक पण खोली अगदी हवाबंद करू नका. कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं जड होतं आणि आपण म्हणतो कोरड्या हवेने झालं. दार बोटभर उघडं राहू द्या.

आक्का
हवेचं चालू द्या, मी अंगाचं बोलते. धाग्याच्या मालकीणबाई, धाकट्याचा घोळणा फुटला की डोकं मागे टेकवू नका. कितीतरी घरांत अजून तेच करतात आणि रक्त घशात उतरून पोराला मळमळतं. बसवायचं, थोडं पुढे वाकवायचं, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरून सलग १० मिनिटं दाबायचा, मध्येमध्ये सोडून थांबलं का बघायचं नाही. वीस मिनिटांतही थांबलं नाही किंवा वरचेवर व्हायला लागलं तर डॉक्टर. रोजच्यासाठी नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात ते दोन वेळा. आणि नखं कापा त्याची, बरेच घोळणे बोट घालून फुटतात, हवेला उगाच दोष.

त्वचेचं म्हणाल तर कढत पाण्याने तास तास अंघोळ करायची हौस हिवाळ्यात कमी करायची. कोमट पाणी, थोडका वेळ, साबण लागेल तिथेच. अंग खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर आहे तोवर क्रीम किंवा पेट्रोलियम जेली. कोरड्या ठाक कातडीवर लावून उपयोग नाही, आतलं पाणी अडवायचं असतं. टाचांना रात्री जाड थर आणि वर सुती मोजे. ओठ जिभेने चाटायचे नाहीत, चाटले की अजून फुटतात.

शांभवी_के
आक्का +१. ओलसर अंगाला लावायला लागल्यापासून अर्धी खाज गेली, आर्द्रता तीच आहे.

पंक्चर_काढू
मूळ प्रश्नातल्या मशीनबद्दल. ढोबळ तीन प्रकार असतात.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारा. स्वस्त, शांत, वीज कमी खातो, दिसायला छान धुकं येतं म्हणून लोक भुलतात. गोम अशी की पाण्यातले क्षारही तुषारांबरोबर उडतात. नळाचं पाणी जड असेल तर चार दिवसांत टीव्हीवर, टेबलावर पांढरी पूड. ती श्वासातही जाते. त्याला डिस्टिल्ड पाणी लागतं. उकळून गार केलेलं चालेल का असं सगळे विचारतात. उकळल्याने जंतू मरतात, क्षार बहुतेक तसेच राहतात. सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्राचं) पाणीही नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, पूड उडायची ती उडतेच.

दुसरा वातीचा, म्हणजे ओल्या जाळीतून किंवा फिल्टरमधून पंख्याने हवा फिरवणारा. धुकं दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं बंदच आहे. क्षार जाळीतच अडकतात. हवा दमट होत जाईल तसा त्याचा वेग आपोआप मंदावतो, त्यामुळे अति व्हायची भीती कमी. जाळी मात्र वेळच्या वेळी बदलावी लागते आणि पंख्याचा आवाज असतो.

तिसरा पाणी उकळून वाफ सोडणारा. सगळ्यात स्वच्छ, जंतूंचा प्रश्न नाही, क्षार तळाशी बसतात. पण वीज खातो आणि लहान मुलं असतील तर भाजायचा धोका. धाकट्याच्या खोलीत हा नकोच.

मी असतो तर वातीचा घेतला असता, डोळे झाकून.

नेट_मीटर
वाफेवाला वीज खातो हे खरं पण पूर्ण खरं नाही. एक लीटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटाच्या जवळपास ऊर्जा लागतेच, मग ती कुठूनही येवो. वातीचा पंख्यापुरतीच वीज घेतो, बाकी ती उष्णता तो खोलीतल्या हवेतून घेतो, खोली किंचित गार होते आणि तुमचा हीटर ती भरून काढतो. घर साध्या विजेच्या हीटरवर तापत असेल तर बिलात फारसा फरक नाही. हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढून कमी विजेत घर तापवणारं यंत्र) असेल तर मात्र वातीवाला सरळ फायद्यात.

निवडुंग
बापरे, केवढी माहिती. मग पंक्चरदादा, अल्ट्रासॉनिकमध्ये नळाचं पाणी घातल्यावर आमच्या मैत्रिणीचा एअर प्युरिफायर लाल दिवा दाखवून घोंघावत बसायचा ते त्यामुळेच की काय? तिने प्युरिफायर बिघडला म्हणून दुरुस्तीला दिला होता.

पंक्चर_काढू
हो, त्यामुळेच. क्षारांचे कण पीएम २.५ मध्येच, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीतच, मोजले जातात. प्युरिफायर बिचारा खरं बोलत होता.

हलके_घ्या
आम्ही त्या पाण्यात निलगिरीचे थेंब टाकतो, घर मस्त वासाचं होतं. सर्दीलाही बरं.

मेघमल्हारी
नका टाकू प्लीज. तेलाने टाकीचं प्लॅस्टिक तडकतं, लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना त्रास होतो तो वेगळाच. टाकीत पाण्याशिवाय काही घालायचं नाही हा नियम लोक हलक्यात घेतात म्हणून सांगते. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायची जंतुनाशकं बाजारात होती, घरोघरी वापरली जायची, बाळांच्या खोलीत तर हमखास. २०११ मध्ये तिथे फुप्फुसं निकामी होण्याच्या आजाराचा आणि या जंतुनाशकांचा संबंध समोर आला. शेकडो माणसं गेली, त्यात गरोदर बायका आणि लहान मुलं बरीच. पोटात गेल्यावर किंवा हाताला लागल्यावर फारसं न बाधणारं रसायन तुषार होऊन फुप्फुसात गेलं की वेगळीच गोष्ट होते.

हलके_घ्या
हे माहीत नव्हतं. बाटली फडताळात ठेवली.

पंक्चर_काढू
आणि जंतुनाशक नाही म्हणून टाकी शेवाळलेली ठेवायची असंही नाही. रोज रात्री उरलेलं पाणी ओतून टाकायचं, टाकी पुसून कोरडी करायची, आठवड्यातून एकदा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने क्षार काढून भरपूर खळबळायची. हे जमणार नसेल तर मशीन घेऊच नका. घाणेरड्या टाकीतून बुरशी न् जंतू फवारण्यापेक्षा कोरडी हवा परवडली.

काठावरचा
सगळे आर्द्रता वाढवायच्या मागे लागलेत म्हणून थोडं उलट बोलतो. किती टक्के याचं उत्तर कोणी नीट दिलेलं नाही. ३० ते ५० असं सगळीकडे छापलेलं असतं आणि लोक ५० चा हट्ट धरतात. कडाक्याच्या थंडीत ५० म्हणजे भिंतींना आमंत्रण. २१ अंश आणि ४० टक्के असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, ७ अंशांच्या आसपास असतो. बाहेर उणे १० असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग शून्याच्या आसपास येतो, दुहेरी काचेचा १० च्या आगेमागे, कडांना त्याहून कमी. म्हणजे एकेरी काचेच्या घरात ४० टक्क्यांनाच खिडक्यांवरून पाणी ओघळणार, चौकटीत मुरणार. खिडकीवरचं निदान दिसतं तरी. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे काय चाललंय ते दिसत नाही. माझ्या भावाने हौसेने हिवाळाभर ५५ ठेवली, वसंतात कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी छतापर्यंत.

तेव्हा टीव्हीशेजारचा आकडा सोडा, सकाळी खिडकीच्या खालच्या कडेला बोट फिरवा. ओलं लागलं की मशीन कमी करा, मग आकडा ३० असो की २८. थंडी जितकी जास्त तितकी आर्द्रता कमीच ठेवावी लागते. आणि ५० च्या वर धुळीतल्या माइट्सची चंगळ होते, घरात दमेकरी असेल तर ते वेगळंच दुखणं.

गिटारवाला
पण माझ्या गिटारला ४५ ते ५५ लागतात त्याचं काय? मागच्या हिवाळ्यात मित्राच्या गिटारची पुढची फळी उभी चिरली.

काठावरचा
घराला कशाला त्रास देतोस बाबा, गिटारला दे. केस बंद ठेवायची, आत गिटारचा छोटा ह्युमिडिफायर मिळतो तो टाकायचा. भिंतीवर टांगून शोभेला ठेवायची हौस उन्हाळ्यात भागव.

गिटारवाला
भिंतीवरच आहे, तीही रेडिएटरच्या वर. निघालो.

झाडूनझटकून
झाडांचं कोणी बोललं नाही अजून. खोलीत कुंड्या ठेवल्या की हवा दमट राहते असं वाचलंय. आमच्याकडे भरपूर आहेत.

भौतिकवेडा
याचा हिशोब सगळ्यात सोपा. झाडाला घातलेलं जवळजवळ सगळं पाणी पानांतून आणि मातीतून हवेतच जातं. म्हणजे सगळ्या कुंड्यांना मिळून दिवसाला एक लीटर घालत असाल तर हवेला मिळणार एक लीटर, ना कमी ना जास्त. सोळातलं एक. हिरवळ डोळ्यांना बरी म्हणून ठेवा.

झाडूनझटकून
तुम्ही प्रत्येक गोष्टीतली मजा अशी ग्रॅममध्येच मोजता का हो?

निवडुंग
काठावरचा, तुमचं वाचून आत्ता बोट फिरवून आले. काच खडखडीत कोरडी आहे, दुहेरी आहे. म्हणजे थोडी वाढवायला वाव आहे ना? पण सोळा लीटर रोज भरत बसायचं म्हणजे मी पाणक्याच होणार. मशीनच्या आधी काही करता येतं का?

नेट_मीटर
हाच प्रश्न पहिला हवा होता. दोन गोष्टी आहेत. एक, घर किती अंशाला तापवता? २४ असेल तर २० करा. पाणी तेवढंच, पण २४ ला जी २१ टक्के दिसते ती २० ला २७ दिसेल, काहीही विकत न घेता. स्वेटर घालावा लागेल.

दुसरी, गळती. भौतिकवेडांच्या सोळा लीटरमधलं सगळं गणित तासाला निम्मी हवा बदलते यावर उभं आहे. ती गळती अर्धी केली तर पाणीही अर्धंच लागेल, शिवाय हीटिंगचं बिल कमी. दारांखाली ब्रश, खिडक्यांच्या चौकटींना फोमची पट्टी, माळ्यावर जायच्या झाकणाला रबर, पाइप भिंतीतून जिथे आत येतात तिथे सीलंट. माळ्याचं झाकण लोक विसरतात, पण गरम हवा वर चढून तिथूनच पळते आणि तेवढीच थंड कोरडी हवा खालून आत ओढली जाते. फायरप्लेस असेल आणि वापरात नसेल तर धुराड्याचं झाकण लावा. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट काम संपल्यावर तासन् तास चालू ठेवू नका.

बाबूराव_निवृत्त
हे पटलं. आमचं घर जुनं आहे आणि बैठकीच्या खोलीत वाऱ्याने पडदा हलतो, खिडकी लावलेली असताना. गॅसचा सुटा हीटर लावला की मात्र काचा ओल्या होतात, म्हणजे तो हवा दमट करतो. तोच जास्त वेळ लावावा का?

भौतिकवेडा
काका, नको!! गॅस जळताना वाफ होते, त्यामुळे काचा ओल्या होतात हे बरोबर, पण धुराडं नसलेल्या हीटरमधून वाफेबरोबर नायट्रोजन डायऑक्साइड येतो आणि ज्वाला नीट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. एक तर तो बंद करा नाहीतर खोली मोकळी ठेवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा. आणि तशा हीटरवर फटी बुजवायचं काम तर अजिबात करू नका, त्या फटीच तुम्हाला वाचवतायत.

बाबूराव_निवृत्त
बरं. मुलाला सांगतो अलार्मचं.

मेघमल्हारी
फटी बुजवण्याबद्दल सगळ्यांनाच हे लागू आहे. घर खूप बंद केलं की ताजी हवा नियोजनपूर्वक आणावी लागते. नवीन घट्ट घरांत ईआरव्ही नावाचं हवा खेळवणारं यंत्र बसवतात, ते बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आणि काही प्रमाणात ओलावा येणाऱ्या हवेला देतं. एचआरव्ही दिसायला तसंच पण फक्त उष्णता परत देतं, हिवाळ्यात घर कोरडंच राहतं. नवीन घर बांधणाऱ्यांनी कंत्राटदाराला नीट विचारून घ्यावं, दोन्हींत गल्लत करतात.

शांभवी_के
कोरड्या हवेत फ्लू जास्त पसरतो म्हणतात ते खरं का?

मेघमल्हारी
२००७ मध्ये गिनी पिगवर केलेल्या प्रयोगात थंड आणि कोरड्या हवेत तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज गेला हे दिसलं. पण म्हणून ह्युमिडिफायर म्हणजे लस नव्हे.

टवाळ_टोळ
झटक्याचं राहिलं. बायकोला स्पर्श केला की ठिणगी उडते, इतक्या वर्षांनी. हिवाळा संपू नये असं वाटतं.

पंक्चर_काढू
टवाळ, गालिचा आणि नायलॉनचे मोजे काढा, संसार पूर्ववत होईल. मुठीला हात लावण्याआधी हातातली किल्ली धातूला टेकवायची, ठिणगी किल्लीवर उडते, बोटाला कळत नाही.

निवडुंग
ठरलं मग. थर्मोस्टॅट खाली, पट्ट्या आणायच्या, झोपायच्या खोलीत टॉवेल, आणि मुलांच्या खोलीपुरता वातीवाला छोटा. सासूबाईंचं पातेलं राहू दे, त्या खूश. एक शेवटचं, दुसरं यंत्र आणलं तर ते २७ दाखवतंय आणि जुनं १८, शेजारी शेजारी ठेवून. कोणावर विश्वास ठेवू?

काठावरचा
दोघांवरही नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूइतपत करा, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि दोन्ही यंत्रं एका झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर एकाच तापमानाच्या जागी ठेवा, हीटरजवळ नको. संपृक्त मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी जे ७१ दाखवेल त्याच्या आकड्यात ४ मिळवायचे, जे ८० दाखवेल त्यातून ५ वजा. कागदावर लिहून मागे चिकटवून ठेवा. एकदम टोकाला फरक थोडा बदलतो पण घरगुती कामाला चालतं.

झाडूनझटकून
पिशवी उघडून वाचायचं की बंद असताना?

काठावरचा
बंद असतानाच, बाहेरूनच. उघडलीत की मिनिटभरात आकडा पडायला लागतो.